व्हॉल्व्हवरचं सील

फेरा संपवून खारू बाकाजवळ आली, की आजी तिला दमलीस का असं विचारायची नाही, पाणी हवं का असंही विचारायची नाही. ती आधी खाली वाकायची आणि सायकलच्या मागच्या टायरवर अंगठा दाबायची.

त्या शनिवारीही तिने दाबला. अंगठा आत गेला.

फार नाही, पिकत आलेल्या फळात जाईल इतकाच. पण सकाळी घराच्या पायरीवर बसून तिने स्वतः हवा भरली होती, अंगठा बोथट होईपर्यंत दाबून पाहिलं होतं, तेव्हा तो केसभरही आत गेला नव्हता. तिने पुढचा टायर दाबला. त्याचीही तीच गत.

"चौथ्यांदा," आजी म्हणाली.

"काय चौथ्यांदा?" खारूने हेल्मेट काढता काढता विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बाटली तोंडाला लावली.

"काही नाही. तू पाणी पी."

एकदा टायर नरम झाला तर तो टायरचा दोष. दुसऱ्यांदा झाला तर उन्हाचा म्हणू, रस्त्याचा म्हणू. पण चार शनिवार ओळीने दोन्ही टायर सारखेच नरम होतात, ना कमी ना जास्त, तेव्हा त्यामागे कुणाचा तरी हात असतो. आजीने सभोवार नजर फिरवली. फाटकापाशी आई-बाप, काका-माम्या आपापली मुलं गोळा करत होते. सगळे हसत होते. आजीला त्यातलं एकही हसू सरळ वाटेना.

टायरच्या बाबतीत आजीचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असं निदान आजीचं तरी मत होतं. एकतीस वर्षं तिने सायकलवरून टपाल वाटलं होतं. पुढे पिशवी, मागे पिशवी, आणि रोज पहाटे कचेरीतून निघण्याआधी दोन्ही चाकांवर अंगठा. नरम चाक म्हणजे दुप्पट दम, आणि दुप्पट दम म्हणजे उशिरा पोचलेलं पत्र. टायरमुळे तिला आयुष्यात एकदाच उशीर झाला होता, आणि तो दिवस ती अजूनही घरातलं कुणी गेल्यासारखा खालच्या आवाजात सांगायची. बागेत येणारे लोक तिला टपालआजी म्हणत.

खारू तिची नात, दहा वर्षांची. लहानपणी हाताला लागेल ते गालात कोंबून घरभर पळायची, म्हणून आजीने तिला खारूताई म्हटलं, आणि तेच पुढे चिकटलं. पटावरचं नाव घरात फक्त कुणी रागावलं की निघायचं.

बागेच्या मागच्या अंगाला झाडीचा मोठा पट्टा होता. त्यातून नवशिक्यांसाठी सायकलची एक पायवाट काढलेली होती. झाडांवर हिरव्या बाणांच्या पाट्या, म्हणून तिचं नाव हिरवा फेरा. जेमतेम तीन किलोमीटर. रुंद वळणं, दोन लाकडी पूल, थोडे चढ, थोडे उतार. घाबरावं असं एकच ठिकाण होतं. शेवटच्या टप्प्यात एका छोट्या चढावर जुन्या झाडाची तीन मुळं वाटेला आडवी गेली होती, मनगटाएवढी जाड, एकाच्या वर एक. मुलं त्याला मुळ्यांचा जिना म्हणत.

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी खारू त्या जिन्यावर पडली. हनुवटीला तीन टाके पडले.

"सायकलचा काही दोष नाही हं," आजीने त्या संध्याकाळी आपल्या मुलाला, म्हणजे खारूच्या बाबाला, छातीठोकपणे सांगितलं होतं. "पहिला दिवस म्हणून मी दहा पंप जास्तच मारले होते. टायर दगडासारखे होते. आत्ताही दाबून बघ."

बाबाने टायर दाबले नाहीत. तो खारूच्या हनुवटीवरच्या पट्टीकडे बघत होता. "आणखी एकदा पडली की जंगल बंद," तो म्हणाला. "मग तिला गल्लीत फिरव, नाहीतर गच्चीवर. पण तिकडे नाही."

त्यानंतर खारू पडली नव्हती. आता आठ दिवसांनी, रविवारी, तिची परीक्षा होती. शिकवणाऱ्या ताईच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून मुलं तिला शिट्टीताई म्हणत. तिने नियम सांगून ठेवला होता: अख्खा हिरवा फेरा एकदाही पाय जमिनीला न टेकता पूर्ण करायचा. जो करेल तो रविवारच्या टोळीत. टोळी म्हणजे मोठं माणूस सोबत नसताना जंगलात जायची मुभा. मुलं आठ, जागा सहा. खारू ती टोळी झोपेत बडबडायची.

आणि अशा वेळी कुणीतरी तिच्या चाकातली हवा काढत होतं.

घरी आल्या आल्या आजीने दोन्ही ट्यूब बाहेर काढल्या, त्यांत हवा भरली आणि न्हाणीघरातल्या टबात बुडवल्या. बोटबोट पुढे सरकत तिने सगळी ट्यूब पाण्याखालून फिरवली. एक बुडबुडा वर आला तर शपथ.

बाबा दारात उभा राहून बघत होता. "आई, ट्यूब आहे ती. कबुलीजबाब देणार नाही."

"दिला तिने. भोक नाही म्हणाली. म्हणजे हवा गेली नाही, काढली."

"जुनी असेल गं."

"मी एकतीस वर्षं..."

"हो, माहितीये, एकतीस वर्षं," बाबा म्हणाला आणि टॉवेल तिच्या खांद्यावर टाकून निघून गेला.

खारू आतल्या खोलीत होती. एरवी पाण्याचा आवाज आला की ती पहिली धावत यायची. आज आली नाही. आजीच्या मनात तेवढं एक टोचून गेलं, पण तिने त्याला बसायला जागा दिली नाही. पोरगी दमली असेल.

आता प्रश्न होता, कोण?

मुलं आत शिकत असताना मोठ्यांनी फाटकाजवळच्या बाकावर बसायचं, असा शिट्टीताईचा कडक नियम होता. मोठी माणसं वाटेच्या कडेला उभी राहून ओरडतात, मग मुलं वाटेऐवजी त्यांच्याकडे बघतात आणि झाडावर जातात, असं तिचं म्हणणं. सुरुवातीचा अर्धा तास ती मुलांना घेऊन मोकळ्या जागेत बोलायची, आणि तेवढा वेळ सायकली लाकडी खोपटामागे एका रांगेत उभ्या असायच्या. बाकावरून त्या दिसत नसत. जे काही होत होतं ते त्याच अर्ध्या तासात.

आजीने एकेकाला मनात उभं केलं. वर्तमानपत्र वाचणारे ते गृहस्थ? त्यांचा नातूही तुकडीत होता. पण ते बाकावरून उठत नसत, आणि पानही उलटत नसत. बहुतेक झोपत असावेत. लाल ओढणीवाली बाई? ती सगळा वेळ फोनवर बहिणीशी भांडायची. एक हात फोनला, एक हात भांडणाला. हवा काढायला तिसरा कुठून आणणार?

राहिला पानेदादा.

पानेदादा म्हणजे खोपटात बसून सायकली दुरुस्त करणारा. हातात सदोदित पाना, कानामागे पेन्सिल. आजवर आजीचं त्याच्याशी बरं जमायचं. पण आता ती एकेक गोष्ट काढून उजेडात धरू लागली. खोपट त्याचं. सायकली त्याच्या पाठीमागे. त्याची भाची, दोन वेण्यांची, याच तुकडीत. जागा सहाच. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: दोनदा तो स्वतःहून आजीजवळ येऊन म्हणाला होता, "आजी, एवढी हवा कशाला भरता? इथे जंगलात..." दोन्ही वेळा आजीने त्याला तिथेच थांबवलं होतं, कारण टायरमधलं तिला कुणी शिकवावं हे तिला मानवत नसे. आता तिला वाटलं, याला आमच्या हवेची एवढी काळजी का बरं?

संशयाचं असं असतं, मुलांनो आणि मोठ्यांनो, की तो एकदा घरात आला की प्रत्येक वस्तू आपल्या सोयीने लावून घेतो. आदल्या महिन्यात पानेदादाने खारूची निसटलेली चेन बसवून दिली होती. तेव्हा आजीला तो भला वाटला होता. आता तीच चेन त्याच्या विरुद्ध साक्षीला आली.

पुढच्या शनिवारी घरून निघण्याआधी आजीने खडू घेतला. दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट फिरवल्या आणि टोपीपासून खाली धातूवर येईल अशी पांढरी बारीक रेघ ओढली. टोपी कुणी उघडून परत लावली, तर रेघ जुळणार नाही.

फेरा संपल्यावर तिने अंगठा दाबला. नरम. रेघ पाहिली. वरची एकीकडे, खालची दुसरीकडे.

आजी सरळ खोपटाशी गेली. मागोमाग खारू, सायकल ढकलत.

"अहो मिस्त्री."

पानेदादाने मान वर केली. आजपर्यंत आजी त्याला "अरे पानेदादा" म्हणायची. "बोला आजी. आज एकदम अहो?"

"माझ्या नातीच्या सायकलची हवा कोण काढतं?"

पानेदादा चिंध्यांनी हात पुसत होता. तो थांबला. त्याची नजर आजीच्या खांद्यावरून मागे गेली, खारूवर. खारू आपल्या बुटाच्या नाडीकडे अशी बघत होती, जणू तिच्यावर काहीतरी लिहिलं आहे. पानेदादाने नजर परत आणली.

"आजी, हवेचं म्हणाल तर..."

"हवेचं म्हणाल तर मी खडूची खूण केली होती. टोपी फिरवलेली आहे. सायकली तुमच्या पाठीमागे असतात. तुमची भाची याच तुकडीत आहे. जागा सहा आहेत. मला बेरीज येते, मिस्त्री."

शेजारी उभी असलेली दोन वेण्यांची भाची लालबुंद झाली. "मामा, सांग ना तिला!"

"तू गप गं," पानेदादा म्हणाला. मग आजीला म्हणाला, "उद्या परीक्षा आहे ना? मी इथेच असेन. लक्ष ठेवतो."

बस्स, एवढंच. भांडला नाही, चिडला नाही, शपथ घेतली नाही. बाकावरचे लोक माना वळवून बघत होते. वर्तमानपत्रवाले गृहस्थसुद्धा जागे झाले होते. निर्दोष माणसाने एव्हाना आकाशपाताळ एक केलं असतं, आजीने विचार केला. हा गप्प बसतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

घरी जाताना खारू म्हणाली, "आजी, पानेदादा चांगला आहे."

"असेल."

"त्याने माझी चेन बसवून दिली होती."

"चेन बसवायची म्हणजे सायकलजवळ यावंच लागतं, नाही का?"

खारू पुढे दोन गल्ल्या सायकल ढकलत राहिली. मग म्हणाली, "आजी, समजा..."

"समजा काय?"

"काही नाही."

रविवारी सकाळी आजीने कपाटातून पत्र्याचा जुना डबा काढला. त्यात सुतळी होती, अर्धी उरलेली लाल लाखेची कांडी होती आणि तिच्या खाकी कोटाचं एक पितळी बटण होतं. नोकरीत असताना महत्त्वाच्या पाकिटांवर लाख लावून त्यावर शिक्का मारत. पाकीट कुणी उघडलं तर लाख तुटणारच, आणि तुटलेली लाख परत जुळत नाही.

तिने दोन्ही टायर अंगठा थकेपर्यंत भरले. आज परीक्षा, म्हणून दहा पंप जास्त. टोप्या लावल्या, टोपी आणि व्हॉल्व्ह यांभोवती दोरा गुंडाळला, मेणबत्तीवर लाख वितळवून त्यावर थेंब सोडले आणि ओली असतानाच कोटाचं बटण दाबलं. दोन चाकांवर दोन लाल टिकल्या उमटल्या.

खारू हेल्मेट हातात घेऊन दारात उभी होती. "हे काय?"

"सील. आता कुणी हात लावला की कळेल."

"आणि मलाच टोपी काढावी लागली तर?"

"तुला कशाला काढावी लागेल? मी भरलीय ना हवा."

बाबा चहाचा कप घेऊन बाहेर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आई, पोरगी सायकल चालवायला चाललीय की पार्सल होऊन?" मग खारूच्या डोक्यावर हात ठेवून गंभीर झाला. "सांभाळून. मी काय म्हणालोय ते लक्षात आहे ना?"

खारूने मान हलवली. तिचा एक हात हनुवटीवर गेला होता.

बागेत पोचल्यावर मुलं शिट्टीताईभोवती जमली, सायकली खोपटामागे गेल्या, मोठी माणसं बाकावर बसली. आजी मात्र "पाय मोकळे करून येते" म्हणून उठली आणि कुंपणाकडून वळसा घालून खोपटाच्या मागे पोचली. तिथे जुन्या टायरांचा ढीग होता. ढिगामागे एक बादली पालथी पडली होती. आजी बादलीवर बसली. आयुष्यभर तिने घंटी वाजवून, नाव पुकारून लोकांची दारं ठोठावली होती. अशी दबा धरून ती पहिल्यांदाच बसत होती, आणि खरं सांगायचं तर तिला थोडी मजाही वाटत होती.

पाच मिनिटांनी पानेदादा आला. आजीने श्वास रोखला.

तो रांगेतल्या सायकलींचे ब्रेक एकेक करून दाबून पाहत होता. खारूच्या सायकलीशी थांबला. लाल सील पाहून त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने टायरवर अंगठा दाबला, जीभ टाळ्याला लावून "च्च" केलं, डोकं खाजवलं. हात सीलकडे गेला. आजी बादलीवरून अर्धी उठली. पण हात मध्येच थांबला, मागे आला, आणि पानेदादा मान हलवत पुढच्या सायकलीकडे निघून गेला.

सील शाबूत होतं. आजीचा हिरमोड झाला. हाताशी आलेला चोर चोरी न करताच गेला, तर माणसाने करायचं काय?

ती उठणार, तेवढ्यात पावलं वाजली. दोन वेण्यांची भाची आणि तिच्यासोबत खारू.

"बाप रे! हे लाल काय?"

"सील. आजीने केलंय."

"मग आता गं?"

खारू चाकाशी बसली. "मोडायचं."

"ओरडेल ना ती."

"ओरडू दे. नाही मोडलं तर मी मुळ्यांवर पडणार. त्या दिवशी असेच दगड होते टायर. पहिल्या मुळीवरून चाक चेंडूसारखं उडालं होतं."

"मग सांगून टाक की तिला! ताईने सगळ्यांना शिकवलंय, जंगलात हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायर मुळीला धरून बसतो. मामापण सांगायला गेला होता, ती ऐकूनच घेत नाही. काल फुकट बोलणी खाल्ली त्याने. तुझ्यामुळे."

"माहितीये मला. त्याला सॉरी म्हटलंय मी." खारू थांबली. मग हळूच म्हणाली, "पण सांगितलं की आजी मागचं सगळं आठवणार. पहिल्या दिवशी हवा कुणी भरली होती? दहा पंप जास्त कुणी मारले होते? मग माझी हनुवटी कुणामुळे फुटली? तिला एका मिनिटात कळेल. मग ती रडेल. आजीला रडताना मी कधी बघितलं नाहीये, आणि मला बघायचंपण नाहीये."



खारूने नखाने लाख उचकटली. तुकडे जमिनीवर पडू दिले नाहीत, एकेक उचलून खिशात टाकले. टोपी काढली, व्हॉल्व्हच्या मधली बारीक पिन नखाने दाबली. फुस्स. "एक." फुस्स. "दोन." फुस्स. "तीन." दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. मग तिने मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि टायरवर अंगठा दाबला. एकतीस वर्षं रोज पहाटे आजी जशी दाबायची, हुबेहूब तसाच.

दोघी गेल्यावरही आजी बादलीवर बसून राहिली.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, हे खरं नाही. नरम टायरवर सायकल धावतच नाही. मग तिला आपले रस्ते आठवले, डांबरी, सपाट, मैलोन्‌मैल. त्या रस्त्यांवर एकही मुळी नव्हती. मग तिला पहिल्या दिवसाची ती पायरी आठवली, पंपाचा दांडा आठवला, आणि मोठ्याने मोजलेले ते जास्तीचे दहा पंप. आठ, नऊ, दहा. आपल्या अंगठ्याकडे तिने असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

ती रडली नाही. आजीने रडू नये म्हणून पोरीने एवढं जपलं होतं, ते असं बादलीवर बसून वाया घालवायचं नव्हतं. ती उठली, साडीचा पदर खोचला आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटेने झपाझप मुळ्यांच्या जिन्याकडे निघाली. बाकाचा नियम आज मोडला तर मोडला.

चढाच्या वर शिट्टीताई वही घेऊन उभी होती. आजी एका झाडाच्या आड राहिली. आधी वर्तमानपत्रवाल्यांचा नातू आला, दुसऱ्या मुळीवर अडकला आणि पाय टेकून बसला. मग भाची आली, वेण्या उडवत वर निघून गेली. मग झाडीतून खारू दिसली.

ती पेडलवर उभी होती, ढोपरं वाकलेली, नजर पुढे. पहिल्या मुळीवर चाक आलं. आजीने डोळे मिटावेत असा विचार केला, पण मिटले नाहीत. टायर मुळीशी चपटा झाला, तिला कवेत घेतल्यासारखा, आणि वरून सावकाश पलीकडे गेला. दुसरी मुळी. मागचं चाक जरा सरकलं. खारूचा डावा पाय पेडलवरून सुटला आणि हवेत लोंबकळला, जमिनीपासून चार बोटं वर, तीन बोटं वर. आजीच्या तोंडून आवाज निघणार होता. तिने पदर तोंडात धरला. पाय परत पेडलवर गेला. तिसरी मुळी. आणि खारू वर पोचून वळणाआड दिसेनाशी झाली.

शिट्टीताईने वहीत खूण केली आणि न वळताच म्हणाली, "टपालआजी, मोठ्यांनी कुठे बसायचं?"

"बाकावर. चाललेच."

पण ती आधी खोपटाकडे गेली. पानेदादा एका चाकाच्या तारा सरळ करत होता. बाकावरचे लोक ऐकतील एवढ्या आवाजात आजी म्हणाली, "अरे पानेदादा."

त्याने वर पाहिलं. "आज परत अरे?"

"काल मी सगळ्यांसमोर तुला नको ते बोलले. आज सगळ्यांसमोरच सांगते, चूक माझी होती. हवा तू काढलेली नाहीस."

"मग कुणी काढली हो?" लाल ओढणीवालीने फोन बाजूला धरून विचारलं.

"जिला अक्कल होती तिने," आजी म्हणाली.

पानेदादा ओशाळून हसला. "जाऊ द्या आजी. मी सांगणार होतो, पण पोरीने शब्द घेतला होता."

"घेतला होता ना? मग पाळलास ते बरं केलंस. अशी माणसं टपालखात्यात हवी होती."

फाटकातून खारू आली तेव्हा तिच्या मनगटावर टोळीची हिरवी पट्टी होती. ती धावत येणार होती, पण बाकाजवळ तिची चाल मंदावली. सायकल तिने अशी उभी केली, की व्हॉल्व्ह पलीकडच्या बाजूला राहील, आणि वर स्वतः चाकासमोर उभी राहिली.

आजी वाकली. खारूने श्वास धरला.

आजीने अंगठा टायरवर ठेवला नाही. तिने तो खारूच्या हनुवटीवर ठेवला, टाक्यांच्या व्रणावर, अगदी हलका.

खारूने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "आजी, तू आज बाकावर नव्हतीस."

"नव्हते."

"कुठे होतीस?"

"एका बादलीवर."

खारूच्या चेहऱ्यावरून दोन-तीन रंग आले आणि गेले. मग तिने खिशात हात घातला, लाखेचे तुकडे काढले आणि आजीच्या तळहातावर ठेवले. एका तुकड्यावर बटणाचा अर्धा ठसा अजून होता.

"रडणार आहेस का?" तिने विचारलं.

"बघू. घरी गेल्यावर. आधी बाबाला सांगायचंय."

"की मी नाही पडले?"

"ते तू सांग. पहिल्या दिवशी का पडलीस, ते मी सांगेन." आजीने तुकडे रुमालात बांधले. "आता मला एक सांग. तीनदाच फुस्स का? चारदा का नाही?"

खारूच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. ती चाकासमोरून बाजूला झाली, मांडी घालून जमिनीवर बसली आणि आजीचा हात ओढून तिलाही खाली बसवलं. "चारदा केलं की वळणावर टायर डगमगतो. बघ, असं नाही दाबायचं, सरळ दाब. हां. आता सांग, किती गेला?"

"अर्ध्या नखाएवढा."

"नीट सांग. अंदाजे नको."

आजीने मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला आणि पुन्हा दाबलं.